वृद्धाश्रमातील तक्रार आणि तिची चौकशी

कारखान्याच्या दारावर आयुष्य घालविलेल्या आम्हांला या विषयावर बोलण्याचा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार इतकाच, की तक्रार कशी दडपली जाते हे आम्ही तीस वर्षे पाहिले आहे.

वृद्धाश्रमातली तक्रार मोठ्या शब्दांत येत नाही. ‘मला नावाने हाक मारीत नाहीत, सात नंबर म्हणतात.’ ‘रात्री संडासला नेत नाहीत, लंगोट बांधून ठेवतात.’ व्यवस्थापक हसून सांगतो, आजींना हल्ली आठवत नाही. बहुतेक चौकशा येथेच संपतात.

आमचा पहिला नियम कारखान्यातलाच : ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याने न्यायाधीश होऊ नये. चौकशी करणारा बाहेरचा हवा, आणि त्याने वृद्धाशी एकांतात बोलावे. कारण उद्या त्याच हातांकडून जेवायचे आहे, ही भीती तक्रारीहून मोठी असते. ऐकू येत नसेल तर पाटीवर लिहून विचारावे. ओरडून विचारले तर सारी खोली ऐकते. मग हजेरीपट पाहावा. रात्री चाळीस खाटांना एकच आया असेल, तर लंगोट कोणी बांधला हा प्रश्न अर्धाच. एकच आया कोणी नेमली, हा उरलेला अर्धा. मात्र तिने हात उगारला असेल तर तिची पाठराखण संघटनेने करू नये. आमच्या मंडळींना हे कडू लागते, लागो.

इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेली माणसे ठेवीत. तेथील छळाची तक्रार एका परिचारकाने व्यवस्थापनाकडे व सरकारी तपासणी मंडळाकडेही केली होती. कोणी हलले नाही. २०११ साली बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने मारहाण दाखविली, तेव्हा जाग आली. २०१२ साली अकरा कर्मचाऱ्यांना शिक्षा झाल्या, पैकी सहा जण तुरुंगात गेले.

आपल्याकडे २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्यातले न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून निर्वाहखर्च मिळवून देण्यासाठी आहे. आश्रमात पैसे भरणारा ग्राहक आयोगाकडे तरी जाऊ शकेल. धर्मादाय खाटेवरच्याने कोठे जावे? १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा दूरध्वनी आहे. पण तो फिरवायचा कार्यालयातल्या व्यवस्थापकासमोर!

आमचा एक निवृत्त फिटर अशाच एका आश्रमात होता. न्हाणीघराला कडी नाही, ही त्याची तक्रार. ‘युनियनची जुनी खोड’, असे उत्तर मिळाले. आम्ही गेलो. कडी मुद्दाम काढली होती, कारण पूर्वी कोणी आत पडले तेव्हा दार फोडावे लागले होते. कारण खरे होते. पण बाहेरूनही उघडता येणारी कडी बाजारात मिळते. ती बसायला अडीच महिने लागले.