घरच्या संगणकावरील आवाज आणि बोलीचे श्रवण

बोली कानाने शिकावी लागते हे आपण सर्वजण मानतो. परंतु बोलणारा माणूस आणि अभ्यासकाचा कान यांच्यामध्ये आज बहुधा एक यंत्र उभे असते. ते यंत्र सदोष असले तर त्याचा दोष आपण नकळत बोलणाराच्या पदरी बांधतो, किंवा याच्या उलट, बोलीचा जो विशेष असतो त्यालाच यंत्राचा बिघाड समजून पुसून टाकतो. म्हणून घरच्या संगणकावर आवाज बिघडला तर त्याचे कारण कसे शोधावे, हा विषय केवळ कारागिराचा नसून भाषेच्या शिक्षकाचाही आहे, असे आम्हांस वाटते.

आम्हांस हा प्रश्न बोरगावी पडला. बोरगाव हे मध्य प्रदेशातील सौंसर तहसिलीचे, नागपूर-छिंदवाडा रस्त्यालगतचे गाव. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व विदर्भ मुंबई राज्यात गेले, तर सौंसर-पांढुर्ण्याचा मराठीभाषी मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. २०२३ साली ह्या दोन तहसिली मिळून पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. येथे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा व्यवहार असल्यामुळे वृद्धांच्या तोंडची मराठी टिपून ठेवण्याची निकड अधिक आहे. आमच्या आत्याबाईंच्या आठवणी आमच्या भाच्याने काही वर्षांपूर्वी फोनवर मुद्रित करून घेतल्या. आत्याबाई आता हयात नाहीत. तेव्हा ते ध्वनिमुद्रण पुन्हा घेता येणे शक्य नाही.

संगणकावर ते लावले तेव्हा आवाज रांजणातून यावा तसा घुमा येऊ लागला, आणि त्याच्याखाली एक संथ गुणगुण सतत चालू होती. स आणि श वेगळे ओळखू येईनात. ‘संगणकाकडून मुद्रण साफ करून घ्या’ असा सल्ला लगेच मिळाला. तो आम्ही मानला नाही. दोष कोठे आहे हे कळण्यापूर्वी औषध देणे म्हणजे रोग्याऐवजी शेजाऱ्याला काढा पाजण्यासारखे आहे.

आवाजाचा मार्ग ठरलेला आहे. प्रथम मुद्रित संचिका, मग संगणकातील व्यवस्था, मग तार किंवा बिनतारी जोडणी, मग स्पीकर वा हेडफोन, मग खोली, आणि शेवटी आपला कान. शोध ह्याच मार्गाने घ्यावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

पहिल्या दोन चाचण्या विनाखर्चाच्या आहेत. तीच संचिका दुसऱ्या यंत्रावर, उदाहरणार्थ फोनवर, लावावी. आणि त्याच संगणकावर निर्दोष म्हणून माहीत असलेले दुसरे मुद्रण लावावे. आमची संचिका फोनवर स्वच्छ ऐकू आली आणि संगणकावर चांगले गाणेही घुमेच वाजले. मुद्रण निर्दोष ठरले. आत्याबाईंच्या आवाजावर होऊ घातलेला उपचार येथेच थांबला.

पुढे जोडणी पाहावी. तारेचा हेडफोन असेल तर त्याची पिन पूर्ण आत बसली आहे ना, हे पाहावे. अर्धवट बसलेली पिन एकाच कानी आवाज देते किंवा बोलणाराचा कंठ दूर लोटते. मेजावरच्या संगणकाला बहुधा तीन रंगांची छिद्रे असतात. त्यांतील हिरवे आवाज बाहेर देण्याचे, गुलाबी मायक्रोफोनचे. स्पीकरच्या तारा उघड्या टोकांच्या असल्या आणि दोहोंपैकी एकाच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तर खर्जातला आवाज विरतो आणि बोलणारा नेमका कोठून बोलतो ते कळेनासे होते.

ब्ल्यूटूथ हेडफोनची गोष्ट निराळी असून पुष्कळांना ती ठाऊक नसते. ह्या हेडफोनचा मायक्रोफोन कोणत्याही कारणाने चालू झाला, की तो बहुधा संगीत ऐकण्याच्या पद्धतीतून दूरध्वनीच्या पद्धतीत जातो. संगणक आवाजाचे दर सेकंदाला ठरावीक संख्येने नमुने घेतो, आणि जितके नमुने त्याच्या निम्म्या कंपनसंख्येपर्यंतचाच ध्वनी त्यात मावू शकतो. ध्वनिमुद्रिकेच्या चकतीवर, म्हणजे सीडीवर, सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. म्हणून निरोगी तरुण कानाला ऐकू येणारी सुमारे २०,००० कंपनांपर्यंतची सारी कक्षा तीत सामावते. दूरध्वनीच्या जुन्या पद्धतीत नमुने ८,००० असतात. म्हणजे ४,००० कंपनांच्या वरचे सारे गळते. स हा वर्ण ज्या घर्षणाने ओळखला जातो, त्याचा मोठा भाग त्याच्याही वर असतो. आमच्या स-श च्या गोंधळाचे मूळ हेच होते. संवादाचे एक अ‍ॅप मागे उघडे राहिले होते आणि त्याने मायक्रोफोन धरून ठेवला होता. ते बंद करताच आवाज उजळला.

गुणगुण मात्र राहिली. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. तिचा शिरकाव आवाजाच्या मार्गात झाला की असा संथ घुमारा येतो. घुमारा तारेच्या स्पीकरवरच येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर क्षणभर काढून पाहावा. गुणगुण थांबली तर दोष विजेच्या बाजूचा. आमच्या घरी तिसऱ्या खिळीच्या छिद्राला अर्थिंगच पोचलेले नव्हते. ते जाणत्या वायरमनकडून करवून घेतले. तिसरी खिळी काढून टाकण्याचा उपाय काहीजण सुचवतात, तो जिवावर बेतणारा आहे.

आवाज मधूनच तडतडत किंवा तुटत असेल तर संगणकावर एकाच वेळी फार कामे चालू असण्याचा संभव असतो. ती बंद करून पाहावे. आवाज खुलवण्याच्या नावाखाली संगणक स्वतःच काही संस्कार करीत असतो; बोली ऐकताना ते सर्व बंद ठेवावेत. ध्वनी चालविणाऱ्या आज्ञावलीचे, म्हणजे ड्रायव्हरचे, नूतनीकरण त्यानंतर करावे. आणि एवढे करूनही शब्द अस्पष्ट वाटले तर खोलीकडे पाहावे. फरशी व उघड्या भिंती आवाज परतवतात. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खर्ज फुगवतो. स्पीकर कोपऱ्यातून पुढे घेऊन खाली एक सतरंजी अंथरली तरी फरक कळतो.

हे सर्व झाल्यावर आम्ही आत्याबाईंचे बोलणे पुन्हा ऐकले. त्या ‘डोळे’ न म्हणता ‘डोये’ म्हणत होत्या, ‘शहर’ न म्हणता ‘सहर’. हा यंत्राचा दोष म्हणावा काय? कसोटी मुद्रणातच होती. प्रश्न विचारणाऱ्या भाच्याचा ळ आणि श त्याच मुद्रणात, त्याच मायक्रोफोनमधून, स्पष्ट येत होते. जे यंत्र एकाचा श नीट पोचवते ते दुसऱ्याचा श खाऊन टाकील हे संभवत नाही. तेव्हा ‘डोये’ आणि ‘सहर’ ही आत्याबाईंची स्वतःची वाणी. ळ च्या जागी य हा वऱ्हाडी-नागपुरीचा परिचित विशेषच आहे. आवाज घुमा असताना ‘सहर’ आम्ही यंत्राच्या खाती टाकले असते, आणि लिहून घेताना ते ‘शहर’ असे सुधारलेही असते.

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात बोलींचे नमुने अक्षरांत आहेत, कंठ नाही. पुढे त्या सर्वेक्षणाला जोडून ग्रामोफोनच्या तबकड्यांवर अनेक भाषांचे मुद्रण झाले, ते ही उणीव जाणवल्यामुळेच असावे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या संग्रहित केल्या, त्यांतील पुष्कळशा आज गाणाऱ्या बायांच्या आवाजात ऐकता येतात. असे काम प्रत्येक शिक्षक आपल्या गावापुरते करू शकतो. मात्र एक पथ्य पाळावे. मूळ संचिका तशीच राखावी, तिच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात, आणि जो काही उपचार करावयाचा तो तिसऱ्या प्रतीवर करावा. निरोपांच्या अ‍ॅपमधून ध्वनी म्हणून पाठवलेली संचिका वाटेत दाबली जाऊ शकते, म्हणून तीच मूळ समजून ठेवू नये.

आत्याबाईंची मूळ संचिका आम्ही तशीच ठेवली आहे. तिच्यात मागे कोंबडा आरवतो आणि रस्त्याने ट्रक जातो. तेही आम्ही काढलेले नाही.