पळताना नाही, थांबल्यावर!

माझी मावसबहीण डिसेंबरातल्या एका पहाटे पुण्यातल्या टेकडीवर गेली. वजन ८२ किलो, लहानपणापासूनचा दमा, आणि आता वजन उतरवायलाच हवं असं डॉक्टरांनी बजावलेलं. पहिल्याच दिवशी ती नेटाने सहा-सात मिनिटं पळली. धाप लागली, पण ती बरोबरच्या सगळ्यांनाच लागली होती. मग ती बाकावर टेकली, पाण्याची बाटली उघडली, आणि सगळं संपल्यावर तिची छाती आवळायला लागली. खोकल्याची उबळ, श्वास सोडताना बारीक शिट्टी. घटकेपूर्वी पळत असलेल्या बाईला एक वाक्य धड पुरं करता येईना. दम्याचा पंप घरी राहिला होता. दुपारी फोनवर तिने मला विचारलं, "पळताना काही झालं नाही गं, बसल्यावर का झालं?"

या प्रश्नाच्या उत्तराचा माग काढताना मी जे वाचलं, त्याने मी आजही थक्क आहे.

चष्म्याच्या काचेवर तोंडाने हा: करून पाहा. काच धूसर होते. ते तुमच्या श्वासमार्गातलं पाणी आहे. बाहेर नाशिकची थंडी असो की नागपूरचा उन्हाळा, फुप्फुसात खोल पोचेपर्यंत हवा ३७ अंशांची आणि बाष्पाने पुरती भरलेली झालेली असते. हे काम मुख्यतः नाक करतं. आपण शांत बसलेलो असताना मिनिटाला पाच ते आठ लिटर हवा आत जाते, तेवढी नाकाला सहज झेपते. पळायला लागलो की तीच ६०, ८०, कधी १०० लिटरवर जाते. तोंड उघडतं, नाक वगळलं जातं आणि कोरडी, गार हवा थेट खालच्या नलिकांवर आदळते.

त्या नलिकांच्या आतून पाण्याचा थर असतो, केसाच्या जाडीहूनही कितीतरी पातळ. त्यातलं पाणी उडतं, क्षार मात्र मागे राहतात. मिठागरात ऊन करतं तेच इथे वारा करतो, तेही काही मिनिटांत. हा खारटपणा वाढला की अस्तरातल्या विशिष्ट पेशींना त्याची चाहूल लागते आणि त्या हिस्टामिन, ल्युकोट्राइन अशी रसायनं सोडतात. नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात. सरळ नळीचा व्यास निम्मा झाला, तर तिच्यातून तेवढीच हवा ढकलायला सोळापट जोर लागतो, हे भौतिकशास्त्राचं गणित आहे. शिट्टी वाजते ती या चिंचोळ्या वाटेतून.

पण पळताना का नाही? कारण पळत असताना खोल, भरभर श्वास आणि रक्तातलं ॲड्रिनॅलिन नलिकांना ताणून उघडं ठेवतात. आपण थांबलो की हा आधार निघतो. म्हणून त्रास बहुधा थांबल्यावर पाच ते पंधरा मिनिटांत शिगेला पोचतो आणि अर्ध्या-एक तासात ओसरतो. बहिणीचं शरीर अगदी नियमाप्रमाणे वागलं होतं.

साधी धाप आणि दमा यांतला फरकही इथेच आहे. साधी धाप थांबल्यावर उतरते, दमा थांबल्यावर चढतो. चरकसंहितेतही श्वासरोगाचे पाच प्रकार सांगितलेत. श्रमाने येणारा आणि फारशी पीडा न देणारा क्षुद्रश्वास वेगळा. ढगाळ हवेत, गारठ्यात वाढणारा आणि आडवं पडण्यापेक्षा बसल्याने बरा वाटणारा तमकश्वास वेगळा. श्वास मोजणारा स्पायरोमीटर हाताशी नसताना, केवळ रोग्याजवळ बसून केलेली ही विभागणी पाहून मला त्या वैद्यांविषयी मनापासून आदर वाटतो.

आता वजनाचं. पोटावरची चरबी श्वासपटलाला वर ढकलते, त्यामुळे फुप्फुस पुरतं फुलत नाही. लहान श्वासनलिकांना उघडं ठेवतं ते त्यांच्या चहूबाजूंचं फुप्फुसाचं लवचीक जाळं, तंबूला ताणून धरणाऱ्या दोऱ्यांसारखं. फुप्फुस कमी फुललं की दोऱ्या सैल पडतात, तंबू आत येतो. शिवाय चरबी नुसती साठून राहत नाही, दाह वाढवणारी रसायनंही सोडते. दिलासा असा की लठ्ठपणा आणि दमा दोन्ही असलेल्यांचं वजन पाच ते दहा टक्क्यांनी उतरलं, तरी दमा आटोक्यात यायला मदत होते. ८२ किलोंच्या माणसासाठी हे चार ते आठ किलो झाले. बारीक व्हायची गरजच नाही!

आणि मला सगळ्यात नवल वाटलं ते याचं: एकदा नलिका आवळून सुटल्या की दम्याच्या जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये पुढचे एक ते तीन तास त्या पुन्हा तेवढ्या आवळत नाहीत. शरीर स्वतःच सवलत देतं. ती सवलत त्रास न होऊ देता मिळवायची युक्ती म्हणजे वॉर्म-अप. दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालणं, मधेमधे अर्धा मिनिट झपझप, पुन्हा सावकाश. शेवटीही एकदम बाकावर बसायचं नाही, वेग हळूहळू उतरवायचा.

हवाही निवडता येते. थंडीतल्या पहाटे गार हवेचा थर जमिनीलगत बसतो आणि शेकोट्यांचा, वाहनांचा धूर त्यातच कोंडतो; ऊन वर आल्यावर निघालेलं बरं. थंडीत नाकातोंडावर ओढणी किंवा मफलर घेतला की सोडलेल्या श्वासाची ऊब आणि ओल पुढच्या श्वासाला मिळते. गाजरगवत फुललेलं असेल तर वाट बदला, त्याचे परागकण अनेकांना भोवतात. पोहणं दम्याला पुष्कळदा मानवतं, कारण पाण्यालगतची हवा दमट असते. मात्र बंदिस्त तलावात क्लोरिनचा उग्र वास येत असेल तर नको.

पंपाविषयी मात्र मला कळकळीने सांगायचंय. "पंपाची सवय लागते" हे वाक्य आपल्याकडे घरोघर ऐकू येतं आणि ते खोटं आहे. दाह कमी करणाऱ्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपट मोठ्या मापात. रोजचा पंप टाळला की दमा उसळतो, मग गोळ्यांचे कोर्स घ्यावे लागतात, गोळ्यांनी भूक वाढते आणि वजनही. वजन उतरवायचं म्हणूनच रोजचा पंप चुकवायचा नाही. नुसत्या तात्पुरता आराम देणाऱ्या पंपावर दमा काढू नये, असं दम्यावरच्या जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९पासून सांगतात. व्यायामाआधी कोणता पंप, किती वेळ आधी, हे डॉक्टरांनी ठरवायचं. तो खिशात असायलाच हवा. आणि छाती आधीच घरघरत असेल त्या दिवशी पळायचं नाही.

दमा आहे म्हणून मैदान सोडायची मात्र गरज नाही. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या ५९७ खेळाडूंपैकी ६७ जणांना व्यायामाने श्वासनलिका आवळण्याचा त्रास होता. त्या ६७ जणांनी ४१ पदकं आणली. जॅकी जॉयनर-कर्सी या दमेकरी धावपटूने १९८८ साली सोलमध्ये हेप्टॅथलॉनमध्ये ७२९१ गुण मिळवून विश्वविक्रम केला.

बहीण आता नऊ वाजता निघते, पंप कमरेच्या पाऊचमध्ये. आधी पंधरा मिनिटं चालते, मग चढते. तिचे डॉक्टर म्हणाले, की "बसल्यावर झालं" या तिच्या दोन शब्दांनीच त्यांचं निम्मं काम झालं. तुम्हीही दवाखान्यात गेलात की "दम लागतो" एवढ्यावर थांबू नका. किती मिनिटं चाललात, थांबल्यावर किती वेळाने छाती भरली आणि ती किती वेळाने मोकळी झाली, हे कागदावर लिहून न्या.