भुतांच्या लग्नाचा बाहुलीपट : मुलांना दाखवावा का?

पडद्यावर बाहुल्या हलू लागल्या की ते चित्र लहान मुलांचे, असा समज आपल्या घराघरांत पक्का झाला आहे. टीव्हीवर म्हणा, फोनवर म्हणा, 'कार्टून' लावून दिले की आई चुलीपाशी आणि बाप दारे धरायला मोकळा. पण पिशव्या सारख्या दिसल्या म्हणून आतले वाण एकच असते असे नाही. बाहुल्यांच्या चित्रांचेही तसेच आहे. काही बालवाडीतल्या मुलाने पाहावीत अशी असतात, तर काही मोठ्यांनाही विचारात पाडतात.

'कॉर्प्स ब्राइड' हा २००५ सालचा इंग्रजी चित्रपट या दुसऱ्या जातीचा आहे. नावाचा अर्थ 'प्रेतवधू'. टिम बर्टन व माइक जॉन्सन यांनी तो दिग्दर्शित केला असून गाणी व संगीत डॅनी एल्फमन यांचे आहे. लांबी ७७ मिनिटे. यात प्रेम आहे, गाणी आहेत, विनोदही आहे. आणि त्याच ताटात कबरस्तान, सांगाडे, खून व विषही वाढलेले आहे. तेव्हा तो कोणत्या वयाच्या मुलाने पाहावा, याचा विचार पालकांनी आधीच करावा हे बरे.

कथा काय आहे?

गोष्ट इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया हिच्या काळातल्या वाटणाऱ्या एका युरोपीय गावातली आहे. व्हिक्टर हा मासळीच्या व्यापारात पैसा मिळवलेल्या घरचा लाजाळू मुलगा. व्हिक्टोरिया मोठ्या घराण्यातली, पण त्या घराण्याची तिजोरी रिकामी. एका घराला मान हवा, दुसऱ्याला पैसा. म्हणून ही सोयरीक. लग्नाच्या तालमीपर्यंत मुलामुलीने एकमेकांना पाहिलेलेही नसते. तरी भेटताच दोघांची मने जुळतात.

तालमीत व्हिक्टर शपथेचे शब्द चुकतो आणि ओशाळून रानात निघून जातो. तिथे एकटाच शब्द घोकत असताना तो अंगठी एका वाळक्या काटकीत घालतो. ती काटकी नसते. मातीतून वर आलेले हाडाचे बोट असते! नवरीच्या जीर्ण वेषातली एमिली जमिनीतून उठते आणि त्याला आपला नवरा मानून मेलेल्यांच्या नगरीत घेऊन जाते.

एमिलीची कहाणी दुःखाची आहे. एका गोडबोल्या परक्या माणसाच्या नादी लागून, घरातले दागिने व पैसे घेऊन ती रात्री पळून जायला निघाली. ठरलेल्या जागी त्याने तिला मारले आणि ऐवज घेऊन तो पसार झाला. हा भाग गाण्यातून येतो. गाण्याचे शब्द न कळलेल्या मुलाला खुनाची गोष्ट उमगतही नाही. म्हणून घरात इंग्रजी समजणारे कोणी असेल तर त्याने शेजारी बसून सांगत जावे.

भीती कशाची?

पहिली शंका सांगाड्यांची येते. एमिलीचा डोळा खोबणीतून निखळतो व आतून अळी डोकावते. तिचा हात मनगटापासून सुटून चालू लागतो. पण हे सारे विनोदाच्या अंगाने दाखवले आहे. शिवाय शेतकऱ्याच्या मुलाने मेलेले वासरू पाहिलेले असते, ओढ्याकाठची हाडे पाहिलेली असतात. शाळेत जाणारे मूल या सांगाड्यांना बहुधा हसेलच.

चार-पाच वर्षांच्या मुलाची गोष्ट वेगळी. खरे कोणते आणि रचलेले कोणते, हे त्याला अजून नीट निवडता येत नाही. अंधारे रान, कावळ्यांचे थवे आणि मातीतून वर येणारा हात हे दृश्य त्याच्या मनात राहते आणि रात्री दिवा मालवला की आठवते.

एक गोष्ट मात्र सुंदर आहे. जिवंतांचे गाव करड्या, फिकट रंगात आहे आणि मेलेल्यांची नगरी रंगीबेरंगी. शेवटी मेलेले लोक गावात येतात तेव्हा गावकरी आधी घाबरतात. मग एक लहान मुलगा एका सांगाड्यात आपला आजोबा ओळखतो, आणि सारे गाव आपापल्या गेलेल्या माणसांना भेटते. आजी-आजोबा गमावलेल्या मुलाशी बोलायला हा प्रसंग उपयोगी पडेल.

मुलाची भीती घालवायची असेल तर चित्र कसे बनले ते सांगावे. या साधारण फूटभर उंचीच्या बाहुल्या. आत धातूचा सांगाडा, वर रबरासारखी कातडी. मुख्य बाहुल्यांच्या डोक्यात बारीक चाके बसवलेली होती. लहानशी किल्ली घालून ती फिरवली की चेहरा हसरा किंवा रडवा होई. बाहुली केसभर हलवायची, एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची, पुन्हा घ्यायचे. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रे सरकतात, यावरून किती चिकाटी लागली असेल ते दिसते. यामागे कारागिराचा हात आहे हे कळले की भूत निम्मे पळते.

खरा जपण्याचा मुद्दा

आमच्या मते सांगाड्यांहून महत्त्वाचा प्रसंग शेवटी येतो. व्हिक्टर जिवंत आणि एमिली मेलेली, त्यामुळे हे लग्न खरे होत नाही. व्हिक्टरने विषाचा पेला पिऊन मरण पत्करले तरच ते खरे होईल, असे ठरते. तिकडे व्हिक्टोरियाचे लग्न दुसऱ्याशी लावून दिल्याचे त्याला कळलेले असते. निराश झालेला तो तयार होतो.

ज्या घरात फवारणीची औषधे असतात, त्या घराने हा प्रसंग सहज घेऊ नये. मेल्यावर नाचगाणे असते आणि प्रेमाचे माणूस भेटते, असे कोवळ्या मनाला वाटू शकते. एमिली त्याला ऐन वेळी थांबवते. आपले सुख दुसऱ्या मुलीच्या दुःखावर उभे राहील, हे तिला उमगते. व्हिक्टरचे अंतःकरण आपले नाही, व्हिक्टोरियाचे आहे हे ओळखून ती त्याचा हात व्हिक्टोरियाच्या हाती देते, आणि चांदण्यात तिची असंख्य फुलपाखरे होऊन उडून जातात. चित्रपटाचा कौल जगण्याच्या बाजूने आहे. पण तो मुलापर्यंत पोचला का, हे मोठ्यांनी विचारून पाहिले पाहिजे. पडद्यावरची नगरी बाहुल्यांची आहे; खऱ्या घरात मागे उरते ते आईबापांचे दुःख, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

औषधे कुलपात ठेवा, हे आम्ही नेहमी सांगतो. त्याला जोड म्हणून हेही सांगतो की, घरातले कोणी गप्प गप्प राहू लागले, जगण्यात राम नाही असे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते.

सोयरिकीचा धडा

थोरल्या मुलामुलींना दाखवण्याजोगे यात बरेच आहे. व्हिक्टोरियाचे आईबाप तिला पैशासाठी उजवायला निघतात आणि पहिली सोयरीक फिसकटताच परक्या पाहुण्याच्या गळ्यात बांधतात. तो धनवान असेल, एवढीच त्यांची चौकशी. हाच पाहुणा एमिलीचा खुनी निघतो. या खेपेलाही त्याचा डोळा हुंड्यावर असतो. आपल्याकडे हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला, तरी मागणी थांबलेली नाही. तेव्हा हे चित्र पाहून बापलेकींनी आपल्या घरच्या सोयरिकीविषयी मोकळेपणी बोलावे. मुलगी एखाद्या गोड बोलण्याला भुलू नये असे वाटत असेल, तर तिला घरात मन मोकळे करता आले पाहिजे.

वयाचे काय?

औषधाच्या डब्यावर जसा रंगीत त्रिकोण असतो, तसे चित्रपटाला प्रमाणपत्र असते. अमेरिकेत व इंग्लंडमध्ये हे चित्र पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या वर्गात आहे. आपल्याकडे २०२४ च्या नियमांपासून चित्रपटगृहातल्या चित्रांसाठी 'यूए' वर्गाचे ७+, १३+ व १६+ असे तीन भाग झाले आहेत. ती खूण पाहण्याची सवय लावावी. मात्र त्रिकोण पाहूनही आपण पिकाची अवस्था पाहतोच. तसे मूलही पाहावे. आमचा सल्ला असा :

१) ७ वर्षांपर्यंतच्या मुलांना दाखवू नये.
२) ८ ते ११ वर्षांच्या मुलांना दिवसा, मोठ्यांनी शेजारी बसून दाखवावे.
३) १२ वर्षांवरील मुलांना पाहू द्यावे, पण विषाच्या प्रसंगावर व एमिलीच्या फसवणुकीवर नंतर अवश्य बोलावे.
४) घरात नुकताच मृत्यू झाला असेल, किंवा ओळखीत कोणी जीव दिला असेल, तर काही काळ हे चित्र बाजूला ठेवावे.
५) आधी आईबापांपैकी एकाने ते पाहावे. सव्वा तासाचे काम आहे.

मुलाच्या हाती फोन देऊन शेतावर जावे, असे हे चित्र नव्हे. सुट्टीच्या दिवशी, दुपारची जेवणे आटोपल्यावर साऱ्यांनी मिळून पाहावे असे मात्र आहे.