शुगरच्या चिठ्ठ्या दोन, गोळी मात्र एकच

देवणी तालुक्यातल्या मधुमेही रुग्णाला उपचाराच्या वाटा बऱ्याच आहेत. जवळचा सरकारी दवाखाना, उदगीरचे डॉक्टर, लातूरचे वैद्यकीय महाविद्यालय आणि सीमेपलीकडचे बिदर. प्रत्येक ठिकाणची चिठ्ठी वेगळी, पाकिटाचा रंग वेगळा. पण नावे वेगळी असली तरी आतले औषध एकच असू शकते आणि धोका तिथेच असतो.

भारतात सुमारे 10.1 कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज आयसीएमआर-इंडियाब पाहणीने 2023 मध्ये मांडला. एवढ्या लोकांना डॉक्टर कोणती औषधे लिहून देतात, हे तपासण्यासाठी रुग्णालयांत चिठ्ठ्यांची पाहणी होते. एका चिठ्ठीवर सरासरी किती औषधे, किती मूळ नावाने लिहिली, किती अत्यावश्यक यादीतली, हे निकष जागतिक आरोग्य संघटनेने 1993 मध्येच घालून दिले आहेत.

आपल्याकडच्या अशा पाहण्यांत मेटफॉर्मिन बहुधा आघाडीवर असते. 1957 पासून वापरात असलेले हे औषध स्वस्त आहे आणि एकटे घेतल्यास साखर सहसा फार खाली नेत नाही. मात्र मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर ते चालत नाही आणि वर्षानुवर्षे घेतल्यास बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकते.

त्याच्या जोडीला अनेकदा ग्लिमेपिराइड असते. हेही स्वस्त आणि परिणामकारक. पण ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग रुग्ण जेवलेला असो वा नसो. एकादशीचा उपवास असो, की सोयाबीनच्या काढणीत लांबलेले दुपारचे जेवण, गोळी आपले काम करतच राहते. साखर घसरते, घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. वय झालेल्या आणि मूत्रपिंड अधू असलेल्या रुग्णांत हा धोका जास्त. ग्लिप्टिन गटातील गोळ्यांत तो कमी असतो. पेटंट संपल्यानंतर त्यातल्या अनेक स्वस्तही झाल्या आहेत. पण कोणाला कोणती गोळी, हे वय, मूत्रपिंड, हृदय आणि खिसा पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे.

आता समजा, एका डॉक्टरांनी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी दिली. पुढे दुसऱ्यांकडे जुनी चिठ्ठी न दाखवता गेल्यावर त्यांनी ग्लिमेपिराइड वेगळ्या नावाने लिहिले. चिठ्ठ्या दोन्ही बरोबर, पण रुग्णाच्या पोटात दुप्पट मात्रा. रुग्णालयातली पाहणी त्या रुग्णालयाच्याच चिठ्ठ्या मोजते. घरच्या पिशवीची बेरीज तिथे होत नाही. ती घरीच करावी लागते.

त्यासाठी फार काही लागत नाही. कंपनीने दिलेल्या नावाबरोबर मूळ औषधाचे नावही पाकिटावर छापलेले असते. ते मेडिकलवाल्याकडून किंवा घरातल्या शिकलेल्या पोराकडून एका वहीत लिहून घ्यावे. एकच नाव दोनदा आले, तर डॉक्टरांना विचारावे. मनाने गोळी बंद करू नये. कुठेही दाखवायला जाताना सगळी पाकिटे आणि जुन्या चिठ्ठ्या सोबत न्याव्यात. उपवास धरणार असाल, तर गोळीचे काय करायचे ते आधीच विचारून घ्यावे.

साखर घसरल्याची लक्षणे दिसताच तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. बरे वाटल्यावर काहीतरी खायला द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखाना गाठावा. ग्लिमेपिराइडमुळे घसरलेली साखर सावरल्यावर पुन्हा घसरू शकते, म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवणे टाळू नये.