तीन कार्डं, एक कर्ज

मंडळी, मागच्या खेपेला आपण ऋण या कल्पनेबद्दल बोललो. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण. प्रश्नोत्तरांत अंधेरीच्या एका गृहस्थांची चिठ्ठी आली: "सर, तुमची तीन ऋणं राहू द्या. माझ्याकडे चार क्रेडिट कार्डांचं ऋण आहे. सगळं एक करून टाकू का?" सभागृह हसलं. आम्हाला काही हसू आलं नाही, कारण आम्ही त्या वाटेने जाऊन आलो आहोत. म्हणून आजचा वेळ त्या चिठ्ठीला.

'एक करणं' या शब्दात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्डं कमी करणं ही एक आणि कर्ज एकत्र करणं ही दुसरी. दर महिन्याला पूर्ण बिल भरत असाल तर चार कार्डं ही फक्त लक्षात ठेवण्याची अडचण आहे. पाच तारीख, अठरा तारीख, सत्तावीस तारीख. बँकेला ऑटो डेबिट सांगून ठेवा, प्रश्न मिटला. पूर्ण बिल भरत नसाल तर मात्र ते कर्ज आहे, मग कार्ड एक असो की चार.

आता आमची गोष्ट. आम्ही दोघं मुलुंडला राहतो. एक कार्ड पगाराच्या खात्याबरोबर आलेलं, एक घाटकोपरच्या मॉलमध्ये प्रवासी बॅगेच्या मोहाने घेतलेलं, तिसरं मुलाने सवलतीसाठी काढायला लावलेलं. घरात एक शस्त्रक्रिया निघाली, विम्याने भागलं नाही, आणि तीन कार्डांवर मिळून २,४०,००० रुपये चढले. बिलावर 'किमान देय रक्कम' असं छापलेलं असतं. आम्ही, आयुष्यभर शब्दांचे अर्थ शिकवलेली माणसं, 'देय' म्हणजे देणं, तेवढं दिलं की झालं, असं धरून चाललो!

हिशोब बघा. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ८,४००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, १,५१२. झाले ९,९१२. किमान रक्कम पाच टक्के, म्हणजे १२,०००. मुद्दलातून उतरले जेमतेम दोन हजार. पाच महिन्यांत सुमारे ५९ हजार भरले आणि कर्ज उतरलं दहा हजारांनी. शिवाय बाकी राहिली की बिनव्याजी मुदत जाते. नव्या खरेदीवर, अगदी किराण्यावरसुद्धा, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं.

आणि खरी लाज पुढेच आहे. या सगळ्या काळात आमची मुदत ठेव शाबूत होती. सात टक्क्यांनी सात टक्के मिळवत होतो आणि बेचाळीस टक्क्यांनी देत होतो. का? तर 'एफडीला हात लावायचा नाही' हे आमच्या पिढीच्या अंगात भिनलेलं. ठेव म्हणजे अब्रू. कार्डाचं कर्ज कोणाला दिसत नाही, म्हणून ते जणू नाहीच. चार्वाकाच्या नावावर कर्ज काढून तूप पिण्याचं वचन खपवतात. त्याला निदान तूप तरी मिळालं असतं.

शेवटी त्याच ठेवीवर साडेआठ टक्क्यांनी कर्ज घेतलं आणि तिन्ही कार्डं एका दिवसात शून्यावर आणली. पहिल्या महिन्याचं व्याज सोळाशेच्या आसपास. हप्ता तोच, बारा हजार. दोन वर्षांच्या आत फिटलं.

ठेव नसेल तर? नोकरीत असाल तर आधी कार्यालयाच्या पतपेढीत विचारा, मग बँकेचं वैयक्तिक कर्ज. पण नुसता हप्ता बघू नका. २,४०,००० रुपये पंधरा टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ११,६४० आणि एकूण व्याज ३९ हजार. पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता ५,७१०, किती हलका! व्याज मात्र एक लाखाच्या वर. बॅलन्स ट्रान्सफरचा कमी दर काही महिन्यांचाच असतो. त्याचं शुल्क आणि नंतरचा दर आधी विचारावा.

कायदा वाचवेल, ही आशा धरू नका. पूर्वी मुंबई इलाख्यातली न्यायालयं दामदुपटीचा नियम मानत. थकलेलं व्याज एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नसे. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डांवरचं तीस टक्क्यांपुढचं व्याज अनुचित ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला.

कर्ज एकत्र केल्यावर सगळ्यात मोठा धोका रिकाम्या कार्डांचा. मर्यादा पुन्हा मोकळी होते आणि ती आपलीच रक्कम वाटू लागते. वर्षभरात तेच कर्ज पुन्हा चढलं, तर हप्ताही द्यायचा आणि बिलही. म्हणून कार्डं बंद करा, पण सगळी नकोत. सर्वांत जुनं, वार्षिक शुल्क नसलेलं ठेवा. जुना चांगला इतिहास सिबिलच्या गुणांना उपयोगी पडतो. आणि वसुलीवाला 'सेटलमेंट' करून देतो म्हणाला तर सावध राहा. ती पूर्ण परतफेड नव्हे आणि नोंदीत तसं दिसतं.

बंद करायला बँक टाळाटाळ करते, असंही चिठ्ठीत होतं. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांप्रमाणे, बाकी शून्य असेल तर अर्ज केल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. नाहीतर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. अर्ज लेखी करा, ईमेल चालतो, आणि पोच जपून ठेवा. आमची दोन कार्डं अशीच गेली. बॅग अजून आहे, तिचं एक चाक तुटलंय.