कशावरून? : जुन्या व्हॅनच्या दुखण्यांचा शोध

यंत्राचे नाव काढले की आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा चेहरा पडतो. ते काम शास्त्र शाखेचे, आय.टी.आय.चे किंवा नाक्यावरच्या मिस्त्रीचे, अशी आपण आपली सोयीस्कर समजूत करून घेतलेली असते. वास्तविक बंद पडलेल्या गाडीपुढे उभ्या असलेल्या माणसाला पहिली गरज पान्याची नसते, विचाराची असते. पाना नंतर लागतो. तर्कशास्त्राच्या तासाला आपण अनुमान करायला शिकतो आणि इतिहासाच्या तासाला पुरावा पारखायला शिकतो. गाडीचा दोष शोधणे हे त्याच जातीचे काम आहे, एवढे दाखवण्यासाठी हा लेखनप्रपंच.

उदाहरणासाठी गाडी घेतली आहे ती सर्वांच्या ओळखीची, म्हणजे मारुती व्हॅन. १९८४ साली ती भारतात आली, १९८८ साली तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. उत्पादन थांबले म्हणून रस्त्यावरच्या गाड्या काही नाहीशा झाल्या नाहीत. शाळेची मुले, भाजीच्या पाट्या, बेकरीचे ट्रे, लग्नाचे केटरिंग, प्रसंगी आजारी माणूस, असे सारे काही वाहणाऱ्या जुन्या व्हॅन गावोगाव दिसतात. रचना अगदी साधी. ७९६ घनसेंटिमीटरचे तीन सिलिंडरांचे इंजिन पुढच्या सीटखाली बसवलेले, ताकद मागच्या चाकांना, मागे कमानपाटे आणि बाजूला सरकते दार. सुरुवातीच्या गाड्यांना कार्बोरेटर होता, नंतरच्या गाड्यांत पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा आली.

अशा गाडीचा मालक बहुधा तोच चालकही असतो. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडते. त्यातून कोणी सांगितले, 'कॉइल बदला', म्हणून कॉइल बदलली. 'पंप बदला', म्हणून पंप बदलला. आणि शेवटी दोष बॅटरीच्या सैल टर्मिनलमध्ये निघाला, तर आठवड्याची मिळकत गेलीच, शिवाय चांगले भाग भंगारात गेले. म्हणून कोणताही भाग बदलण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : 'कशावरून?' या एका प्रश्नाभोवतीच पुढचे विवेचन आहे.

गाडी सुरूच होत नाही

'गाडी सुरू होत नाही' हे वाक्य फार ढोबळ आहे. त्याचे तीन तुकडे करावेत. सेल्फ फिरतो का? प्लगला ठिणगी मिळते का? इंजिनापर्यंत पेट्रोल पोचते का? तिन्हींपैकी ज्याचे उत्तर 'नाही' येईल तिथेच शोध घ्यायचा. बाकीच्या ठिकाणी हात लावायचा नाही.

सेल्फ फिरत नसेल तर हेडलाइट लावून चावी फिरवावी. दिवे एकदम मंदावले किंवा विझले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिची टर्मिनले सैल वा गंजलेली आहेत. दिवे लख्ख राहिले आणि आवाजही आला नाही, तर बॅटरीवर आळ घेऊ नये. सेल्फपर्यंत हुकूम पोचवणारी वायर, चावीचे स्विच किंवा सेल्फचा सोलेनॉइड तपासावा. एका साध्या निरीक्षणाने संशयितांची यादी निम्मी झाली, ती अशी.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर आधी ऋण टोकाची वायर काढावी, मग धन टोकाची. खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवावे, कोरडे करावे, घट्ट बसवून वर व्हॅसलीन लावावे. बसवताना क्रम उलटा, म्हणजे ऋण टोक शेवटी. इंजिन रबरी आधारांवर बसलेले असते, त्यामुळे त्याच्यापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची जाड पट्टी अत्यावश्यक असते. ती गंजली की वीज परतीची दुसरी वाट शोधते आणि कधी कधी ॲक्सिलरेटरची केबलच गरम होऊ लागते! अशा वेळी केबल बदलून काय उपयोग?

बॅटरी रोज सकाळी उतरलेली सापडते, पण नवी बसवली तरी तेच, असेही घडते. येथे दोन शक्यता आहेत. एक, गाडी चालताना ती भरलीच जात नाही. दुसरी, रात्री कोणीतरी चोरून वीज खात आहे. पहिलीचा निर्णय मीटर करतो. भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा चढत नसेल तर अल्टरनेटरला दोष देण्यापूर्वी त्याचा पट्टा अंगठ्याने दाबून पाहावा. सुमारे सेंटिमीटरभर दबावा. त्याहून ढिला असेल तर तो नुसताच घसरतो आणि ओरडतो. दुसऱ्या शक्यतेसाठी गाडी बंद करून, दारे लावून, ऋण वायर काढावी आणि वायर व टर्मिनल यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडावा. तो ठळक पेटला तर कुठेतरी वीज वाहते आहे. आता एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला दिवा विझेल, त्याच्या मार्गावर चोर आहे. व्हॅनमध्ये हा चोर पुष्कळदा सरकत्या दाराचा किंवा आतल्या दिव्याचा अडकलेला स्विच असतो, नाहीतर नंतर हौसेने बसवलेला टेप.

तीनांतला एक झोपला तर

गाडी चालते, पण धक्के खाते, चढाला दम टाकते. तीन सिलिंडरांच्या इंजिनात एक सिलिंडर झोपला की तिसरा हिस्सा ताकद गेली. मग झोपलेला कोणता? जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत मिस्त्री इंजिन चालू ठेवून, रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढतात. वायर काढताच इंजिनाचा आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता. काही फरकच पडला नाही तर झोपलेला तोच. नव्या फवारणीच्या गाड्यांवर मात्र हा प्रयोग करू नये. त्यांची इग्निशन यंत्रणा त्याने खराब होऊ शकते. जुन्या गाडीतही पेट्रोलचा वास येत असताना करू नये.

आता दोष प्लगचा की वायरीचा? येथे अदलाबदलीची युक्ती. पहिल्या सिलिंडरचा प्लग दुसऱ्यात आणि दुसऱ्याचा पहिल्यात घालावा. दोष प्लगबरोबर दुसरीकडे गेला तर गुन्हेगार प्लग. जागच्या जागी राहिला तर प्लग निर्दोष. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, वायर आणि पॉइंट एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर गाडी दुरुस्त झाली खरी, पण आपल्याला काहीच कळले नाही, आणि तीनपैकी दोन वस्तूंचे पैसे फुकट गेले.

काढलेला प्लग फेकण्यापूर्वी वाचावा. टोक बिस्किटाच्या रंगाचे असेल तर सिलिंडर ठीक आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. चोक अडकला किंवा एअर फिल्टर चोंदला. तेलकट ओले टोक म्हणजे ऑईल वर येत आहे. पावसाळ्यात सकाळीच त्रास देणारी जुनी गाडी बहुधा डेल्कोचे झाकण ओलसर झाल्यामुळे रुसलेली असते. झाकण काढून कोरड्या फडक्याने आतून पुसावे. कोठे तडा दिसतो का तेही पाहावे.

पेट्रोलची बाजूही अशीच क्रमाने तपासावी : टाकी, फिल्टर, पंप, कार्बोरेटर. काही अंतर गेल्यावर गाडी बंद पडते आणि टाकीचे झाकण उघडताच 'फुस्स' आवाज होऊन पुन्हा चालते, तर टाकीत हवा जाण्याची वाट बुजली आहे. पंप निर्दोष आहे. चोक ओढून ओढून इंजिन पेट्रोलने भिजले असेल, तर चोक आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा. पाय मात्र वरखाली करू नये.

धूर आणि अग्नी

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असला पाहिजे, हे न्यायशास्त्रातले प्रसिद्ध अनुमान. मोटारीच्या बाबतीत धुराचा रंगही पाहावा लागतो. निळसर धूर म्हणजे ऑईल जळते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा धूर थंड सकाळी थोडा वेळ निघाला तर ती नुसती वाफ. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर चालू राहिला, तर रेडिएटरचे पाणी सिलिंडरमध्ये शिरत असावे. येथे 'असावे' म्हटले आहे, 'आहे' म्हटलेले नाही. दुसरा पुरावा मिळाल्याशिवाय निर्णय देऊ नये. रेडिएटरचे पाणी वारंवार कमी होते का? थंड इंजिनाचे झाकण काढून ते सुरू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येतात का? ऑईलच्या पट्टीवर दुधाच्या चहासारखा रंग दिसतो का? अशा दोन-तीन साक्षी जुळल्या तरच हेड गॅस्केटचा खर्चिक निकाल द्यावा.

इंजिन तापण्याची साधी कारणे त्याआधी तपासावीत. पाणी गळते का? पंखा फिरतो का? विजेचा पंखा फिरत नसेल तर त्याला बॅटरीवरून थेट जोडून पाहावे. फिरला तर मोटर चांगली. मग फ्यूज, रिले, थर्मो स्विच. इंजिन तापले पण रेडिएटर गारच, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असण्याचा संभव. आणि एक गोष्ट कधीही विसरू नये : तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच ते उसळून तोंडावर येते.

वायरींच्या लीला

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, एक हेडलाइट दुसऱ्यापेक्षा मंद, असले भुताटकीचे प्रकार जुन्या व्हॅनमध्ये नेहमी आढळतात. भूत बहुधा एकच असते : गंजलेले अर्थिंग. बल्ब बदलण्यापूर्वी त्याच्या होल्डरपासून स्वच्छ खरवडलेल्या बॉडीला एक जादा वायर लावून पाहावी. दिवा लख्ख झाला तर दोष सापडला.

फ्यूज वारंवार उडत असेल तर तो काहीतरी सांगत असतो. त्याचे तोंड बंद करण्यासाठी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावणारे महाभाग आहेत. फ्यूज हा वायरीचा रक्षक आहे. तो उडाला नाही तर वायर जळते, आणि व्हॅनमध्ये इंजिन व वायरी माणसांच्या बैठकीखालीच असतात. गॅसचे किट असेल तर धोका दुप्पट. घरगुती सिलिंडर गाडीला लावणे हा तर कायद्याने गुन्हाच आहे. गॅसचा वास आला की शोध वगैरे सारे बाजूला. माणसे खाली उतरवावीत, सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करावा, स्विचला हात लावू नये.

जेथे उधारी चालत नाही

इंजिन बंद पडले तर माणूस उशिरा पोचतो. ब्रेक बंद पडला तर पोचतच नाही. म्हणून ब्रेकची भाषा प्रत्येक चालकाला आली पाहिजे. पेडल स्पंजासारखे मऊ लागते, दोन-तीनदा मारल्यावर कडक होते : नळ्यांत हवा शिरली असेल किंवा ब्रेक ढिले झाले असतील. पेडल दाबून धरले असता हळूहळू खाली जाते, पण बाहेर गळती नाही : मास्टर सिलिंडरचे आतले रबर गेले. ब्रेक ऑईल कमी होते आणि एका चाकाची आतली बाजू ओली : त्या चाकाचा सिलिंडर गळतो. गाडी एका बाजूला ओढते : आधी टायरची हवा पाहावी, मग लायनर. चालवून आल्यावर एकच चाक फार तापलेले : तेथील ब्रेक सुटत नाही. ब्रेक ऑईल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते कमी झाले नसले तरी साधारण दोन वर्षांनी बदलावे. आणि ड्रममधली धूळ तोंडाने फुंकू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते फुप्फुसाला घातक.

सरकत्या दाराचेही तसेच. खालच्या पट्टीत माती भरते, रोलर झिजतो, दार अर्धवट लागते आणि मग त्याला दोरी बांधली जाते. दोरी हा उपाय नव्हे. पट्टी साफ करून ग्रीस लावणे आणि रोलर बदलणे हे इंजिनकामाच्या मानाने किरकोळ काम. पण त्या दाराला टेकून कोणाचे तरी मूल बसलेले असते. गाडीखाली जायचे झाल्यास केवळ जॅकवर विसंबू नये; चाकांना उटी लावाव्यात आणि मजबूत घोडीवर गाडी टेकवावी.

निष्कर्ष

हे सारे वाचून कोणी मिस्त्री होणार नाही, व्हावे असा आग्रहही नाही. पण गॅरेजमध्ये उभे राहून 'कशावरून?' असे नम्रपणे विचारणे आपल्याला जमले पाहिजे. खरा कारागीर या प्रश्नाने रागावत नाही. तो काळा पडलेला प्लग हातावर ठेवतो, टेस्ट लॅम्प लावून दाखवतो, काढलेला जुना भाग परत देतो. ज्याच्याजवळ उत्तर नसते तोच चिडतो किंवा 'तुम्हाला त्यातले काय कळते?' म्हणतो. आपण पुस्तकी माणसे या वाक्याला फार लवकर शरण जातो. वर्गात प्राध्यापकांच्या विधानालाही आधार मागावा असे आपल्याला शिकवलेले आहे. तो आधार गॅरेजच्या दारात मागितला तर एखाद्या व्हॅनवाल्याचे पैसे वाचतील, आणि उद्या सकाळी त्याच्या मागच्या सीटवर बसणारी मुले शाळेत सुखरूप उतरतील.