तबकडीवर सही कोणाची? कलावंतांची घड्याळे आणि सुरतेचे रत्नकलाकार

वेळ पाहण्यासाठी घड्याळ लागते, असे आज कोणी म्हणणार नाही. खिशातला मोबाईल सेकंदाचाही हिशेब ठेवतो. तरीही काही लाख, प्रसंगी काही कोटी रुपयांची मनगटी घड्याळे विकली जातात आणि त्यांच्यासाठी प्रतीक्षायाद्या लागतात. गेल्या काही वर्षांत या महागड्या घड्याळांच्या तबकड्यांवर चित्रकार आणि शिल्पकार यांची नावे ठळकपणे दिसू लागली आहेत. स्वित्झर्लंडच्या कंपन्या टोकियो वा न्यूयॉर्कच्या कलावंताशी करार करतात, शंभर-दोनशे घड्याळे काढतात आणि ती संग्राहकांच्या तिजोरीत जातात. हा व्यवहार आपल्यापासून फार दूरचा वाटतो. पण त्याचा एक धागा सुरतेत आहे आणि त्या धाग्याचे एक जुने टोक गोव्यापर्यंत येते.

घड्याळजींना कलावंत का हवे झाले?

घड्याळ आणि चित्रकला यांचा संबंध नवा नाही. सतराव्या शतकात फ्रान्समधील ब्लुआ आणि त्यानंतर जिनिव्हा येथील कारागीर घड्याळांच्या पेट्यांवर मीनाकारीत सूक्ष्म चित्रे रंगवीत. मात्र आज आपण ज्याला ‘कलावंताबरोबरचे घड्याळ’ म्हणतो, त्याचा जन्म संकटातून झाला. १९७० नंतर जपानी क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आली. ती स्वस्त होती आणि यांत्रिक घड्याळांपेक्षा अचूकही. स्विस घड्याळ उद्योगातील सुमारे नव्वद हजार नोकऱ्या पुढच्या दीड दशकात तीस हजारांच्या आसपास आल्या. अचूकतेच्या शर्यतीत आपण हरलो हे उमगल्यावर त्या उद्योगाने शर्यतच बदलली. घड्याळ हे यंत्र म्हणून न विकता आवड, प्रतिष्ठा आणि संग्रहाची वस्तू म्हणून विकायचे, असे ठरले.

१९८३ मध्ये आलेल्या ‘स्वॉच’ या प्लास्टिकच्या स्वस्त घड्याळाने ही वाट प्रथम मळवली. १९८५ मध्ये किकी पिकासो या फ्रेंच कलावंताची आणि १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या कीथ हेरिंग यांची चित्रे त्यावर झळकली. १९८८ मध्ये ‘मोवाडो’ने अँडी वॉरहॉल यांच्या छायाचित्रांचे पाच तबकड्यांचे घड्याळ काढले. ते फक्त २५० लोकांना मिळाले आणि तोवर वॉरहॉल यांचे निधन झालेले होते. त्यानंतर उंची कंपन्या या वाटेवर आल्या. ‘बुल्गारी’ने वास्तुशिल्पी तादाओ आंदो यांच्याबरोबर, ‘झेनिथ’ने फेलिपे पँटोन यांच्याबरोबर, तर ‘ओदमार पिगे’ने २०२४ मध्ये ‘कॉज’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी कलावंताबरोबर घड्याळे केली.

या सहकार्याचे साधारण तीन प्रकार पडतात. पहिल्यात कलावंताचे आधीचे चित्र वा आकृती तबकडीवर उतरवली जाते आणि त्याबद्दल त्याला मानधन वा प्रत्येक नगामागे हिस्सा मिळतो. दुसऱ्यात कलावंत घड्याळाचा आकार, पृष्ठभाग, काटे यांची कल्पनाच नव्याने मांडतो आणि कंपनीचे अभियंते ती प्रत्यक्षात आणतात. तिसऱ्या प्रकारात प्रत्येक तबकडी हाताने रंगवली वा घडवली जाते, म्हणजे दोन घड्याळे तंतोतंत सारखी नसतातच. किंमत ठरते ती दुर्मिळतेवर आणि नावावर. धातू वा यंत्र यांचा वाटा त्यापुढे गौण असतो.

५६३ हिरे आणि एक नाव

२०२१ मध्ये ‘हुब्लो’ने जपानचे ताकाशी मुराकामी यांच्याबरोबर एक काळे घड्याळ काढले. मुराकामींचे हसरे फूल जगभर ओळखीचे आहे. या घड्याळात त्या फुलाच्या बारा पाकळ्या फिरतात आणि त्यावर ५६३ काळे हिरे जडवलेले आहेत. नगांची संख्या होती २००. घड्याळ मुराकामींचे म्हणून ओळखले जाते, कंपनीचे नावही त्यावर आहे. ते पाचशे त्रेसष्ट हिरे कोणी पैलू पाडून सिद्ध केले, हे मात्र कोणी विचारीत नाही. घड्याळ कोणतेही घ्या, प्रथा हीच.

येथे सुरत येते. जगात पैलू पाडल्या जाणाऱ्या हिऱ्यांपैकी, नगांच्या हिशेबाने, दहापैकी सुमारे नऊ हिरे भारतात आणि त्यातही प्रामुख्याने सुरतेत तयार होतात, असे या व्यवसायात मानले जाते. घड्याळाच्या कडेला वा तबकडीवर बसणारे हिरे मोठे नसतात. ते मोहरीएवढे, कधी त्याहूनही बारीक असतात. नेमका हाच बारीक माल सुरतेची खासियत आहे. एवढ्याशा खड्यालाही पूर्ण घाटाचे सत्तावन्न पैलू पाडावे लागतात. फिरत्या चकतीवर, जिला सुरतेत ‘घंटी’ म्हणतात, हिऱ्याच्याच भुकटीने हिरा घासला जातो. घड्याळासाठी आणखी एक अट असते. सगळे खडे एकाच मापाचे हवेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरकही ओळीत डोळ्याला खुपतो आणि जडवणाऱ्याची वीण बिघडते. म्हणून चाळण्यांतून माल पुन्हा पुन्हा गाळून त्याची प्रतवारी होते. एखाद्या उंची घड्याळाच्या कडेवरचे बारीक हिरे सुरतेच्या एखाद्या घंटीवरून गेले असण्याची शक्यता मोठी आहे. पण ‘स्विस मेड’ या दोन शब्दांत तिचा उल्लेख नसतो. ती अक्षरे छापण्यासाठी उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये व्हावा लागतो. बाकीचे हात त्या अक्षरांमागे दिसेनासे होतात.

गंमत अशी की, सुरत आपल्या हिरेकामगाराला कामगार म्हणत नाही. ‘हिराघसू’ हा जुना, काहीसा हिणवणारा शब्द मागे पडून तिथे आता ‘रत्नकलाकार’ हा शब्द रूढ आहे. शब्दाने दिलेला मान व्यवहाराने मात्र दिलेला नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुरतेजवळ खजोद येथे सुमारे साडेचार हजार कार्यालयांच्या ‘सुरत डायमंड बोर्स’चे उद्घाटन झाले. त्याच सुमारास रशियन हिऱ्यांवरील निर्बंध, चीनमधील घटलेली मागणी आणि प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्यांमुळे कोसळलेले भाव यांनी या धंद्याला घेरले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावले. त्याआधीच, मे २०२५ मध्ये, काम गमावलेल्या रत्नकलाकारांच्या मुलांची वर्षाला १३,५०० रुपयांपर्यंतची शाळेची फी भरण्याची घोषणा गुजरात सरकारला करावी लागली होती. ज्याच्या नावातच ‘कलाकार’ आहे, त्याच्या मुलाची शाळा सुटू नये म्हणून सरकारी मदत लागावी, यातच सारे आले.

सुरत, गोवा आणि एक चित्रकाराची सही

कारागिराचे नाव राहत नाही ही जगाची रीतच आहे, असे म्हणून विषय संपवता आला असता. पण सुरतेचाच इतिहास तसे म्हणू देत नाही. सतराव्या शतकाच्या आरंभी सुरत हे मोगल साम्राज्याचे युरोपकडे उघडणारे दार होते. बादशहा जहांगीरला दुर्मिळ वस्तूंचा छंद होता. सुरत आणि खंबायतची बंदरे सांभाळणाऱ्या मुकर्रब खानाला त्याने अशा वस्तूंसाठी गोव्याला धाडले. १६१२ मध्ये तो गोव्याहून परतला तेव्हा त्याने आणलेल्या अपूर्व प्राण्या-पक्ष्यांत टर्की होता. दरबारी चित्रकार मन्सूरने त्याचे काढलेले चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. खरेदी मुकर्रब खानाची, हुकूम बादशहाचा, तरी आपण ते चित्र मन्सूरचे म्हणूनच ओळखतो.

१६१५ मध्ये इंग्लंडचा राजदूत सर टॉमस रो सुरतेजवळ सुवाळीच्या किनाऱ्यावर उतरला. त्याच्या सोबत आलेल्या युरोपीय चित्रांचा दरबारावर परिणाम झाला. रोजवळच्या एका लघुचित्राच्या नकला जहांगीरच्या चित्रकारांनी अशा हुबेहूब केल्या की, मेणबत्तीच्या उजेडात मूळ चित्र ओळखताना खुद्द रोला प्रयास पडले. याच काळातले बिचित्र या चित्रकाराचे एक चित्र आज वॉशिंग्टनच्या फ्रीर संग्रहात आहे. त्यात जहांगीर एका प्रचंड वाळूच्या घड्याळावर बसलेला आहे, खाली इंग्लंडच्या राजाची युरोपीय धाटणीची प्रतिमा आहे आणि डाव्या कोपऱ्यात हातात चित्र घेऊन खुद्द बिचित्र उभा आहे. बादशहाच्या पायाखालच्या चौरंगावर त्याने आपली सही केली आहे. काळावरच्या, घड्याळावरच्या या चित्रात चारशे वर्षांपूर्वी एका दरबारी नोकराने आपले नाव अत्यंत नम्र जागी लिहिले, पण लिहिले.

सुरतेची आणखी एक कला येथे आठवते. सादेली हे लाकूड, शिंग, धातू, पूर्वी हस्तिदंतही, यांच्या बारीक काड्या जुळवून, चिकटवून आणि आडव्या कापून केलेले भौमितिक जडावकाम. या नक्षीच्या पेट्या पुढे मुंबईतही होऊ लागल्या आणि युरोपात त्या ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून गेल्या. सुरतेचे नावही त्यातून निसटले. आज सुरतेत मोजकी कुटुंबे हे काम जाणतात. दुसरीकडे, ‘कार्तिए’ आणि ‘पाटेक फिलिप’ यांनी लाकडाच्या वा गवताच्या काड्यांच्या जडावकामाच्या तबकड्या काढल्या आणि त्यांना उंची कलेचा मान मिळाला. कौशल्य दोन्हीकडे आहे. एकीकडे त्याला बाजार मिळाला, दुसरीकडे वारसही मिळेनासा झाला.

नाव देता येते

नाव देणे अशक्य नाही, हे घड्याळाच्याच जगाने दाखवले आहे. जिनिव्हाच्या प्रतिष्ठेच्या घड्याळ पुरस्कारांत २०१७ मध्ये परीक्षकांचा विशेष पुरस्कार सुझान रोर आणि अनिता पोर्शे या दोन मीनाकारांना देण्यात आला. त्यांचे काम मोठमोठ्या कंपन्यांच्या तबकड्यांवर होते, पण व्यासपीठावर त्या स्वतः आल्या. भारतात ‘टायटन’ने २०२५ मध्ये ‘जलसा’ हे घड्याळ काढले. त्याच्या संगमरवरी तबकडीवर जयपूरचे पद्मश्री शाकिर अली यांनी हवामहलाच्या प्रेरणेने लघुचित्र रंगवले. फक्त दहा नग, किंमत चाळीस लाखांच्या घरात. त्यात चित्रकाराचे नाव विक्रीचा आधार बनले.

कायदाही काही आधार देतो, पण तो नीट समजून घ्यावा लागतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ नुसार कलाकृतीचे हक्क विकल्यानंतरही कर्तृत्वाचा दावा करण्याचा आणि विकृतीकरण रोखण्याचा अधिकार कलावंताकडे राहतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प उखडले गेले, तेव्हा याच कलमाच्या आधारे दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र कलम १५ मध्ये एक मेख आहे. डिझाइन कायद्याखाली नोंदता येण्याजोगा, पण न नोंदलेला आकृतिबंध मालकाने वा त्याच्या परवान्याने औद्योगिक प्रक्रियेतून पन्नासहून अधिक वेळा वस्तूवर उतरला, की त्यावरचा कॉपीराइट संपतो. शुद्ध कलाकृती कोणती आणि वस्तूसाठीचा आकृतिबंध कोणता, हे कसे ठरवावे याची कसोटी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस विरुद्ध आयनॉक्स या खटल्यात सांगितली. व्यवहारात अर्थ एवढाच: घड्याळ, कप वा साडी, कोणत्याही वस्तूवर आपले काम देण्यापूर्वी आणि ते जगाला दाखवण्यापूर्वी आकृतिबंधाची नोंदणी करावी. ती दहा वर्षांची असते आणि पाच वर्षे वाढवता येते. करारात नग किती, नाव कुठे आणि हिस्सा किती, हे लिहून घ्यावे.

रत्नकलाकाराला हा कायदा उपयोगी पडत नाही, कारण पैलू पाडण्यावर कॉपीराइट नसतो. पण त्याच्यासाठी दुसरी वाट नाही असे नाही. रशियन हिरे रोखण्यासाठी जी-७ देशांनी २०२४ पासून ठराविक वजनावरील हिऱ्यांच्या उगमाचा पुरावा मागायला सुरुवात केली. हिरा कोणत्या देशाच्या खाणीतून आला, हे कागदोपत्री दाखवता येऊ लागले. मग तो कोणत्या शहरात, कोणत्या कारखान्यात घडला, हे त्याच कागदावर लिहिणे कठीण नसावे. खाणीचा पत्ता विचारणाऱ्या ग्राहकाने हाताचाही पत्ता विचारला, तर त्या हाताच्या मजुरीवर बोलणे सोपे होईल.

हा प्रश्न आता का?

भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांच्या ‘एफ्टा’ गटातील व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने कमी होत जाणार आहे. म्हणजे ही घड्याळे भारतात अधिक येतील आणि भारतीय ग्राहकासाठी भारतीय कलावंत शोधत कंपन्याही येतील. ते सुरतेला जातील, जयपूरला जातील, आणि गोव्यालाही. वस्तूवर उतरलेली कला गोव्याला नवी नाही. मारियो मिरांडा यांची रेषा फरशीवर, कपावर, पिशवीवर घरोघरी पोहोचली आहे आणि ती कोणाची हे कोणालाही सांगावे लागत नाही. अल्तिनोच्या कला महाविद्यालयातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या तरुणांसमोर उद्या असाच एखादा करार येऊ शकतो.

त्या वेळी किती पैसे, हा प्रश्न विचारला जाईलच. त्याबरोबर नाव कुठे येणार, हेही विचारले पाहिजे. बिचित्रला ती जागा बादशहाच्या पायाखाली मिळाली होती. आजच्या कलावंताला ती तबकडीवर मागता येते आणि रत्नकलाकाराला निदान हमीपत्रावर तरी मिळायला हवी.